हरणांचा डाएट चार्ट

ओट्स. केल. मुळा. सलगम. चिकोरी. थोडा वाटाणा आणि थोडी क्लोव्हर.

नाही, हा कोरेगाव पार्कमधल्या कुठल्या डाएटिशियनने दिलेला चार्ट नाही. ‘तीन महिन्यांत सहा किलो’वालाही नाही. हा मेन्यू आहे हरणांचा. अमेरिकेतल्या ‘व्हाइटटेल’ म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की ‘ट्रेकला कुठे’ यावर जेवढी सिरियस चर्चा होते, तेवढीच सिरियस चर्चा तिकडे दर ऑगस्टमध्ये होते... यंदा हरणांसाठी काय पेरायचं?

आणि पेरायचं कशासाठी? तर हरणांनी इथे चरायला यावं, त्यांना सवय लागावी आणि शिकारीचा सीझन सुरू झाला की ती बंदुकीच्या टप्प्यात यावीत म्हणून.

झालं ना तोंड वाकडं? माझंही झालं होतं. आधी पाहुणचार आणि मग थेट गोळी! पण 2024चा अख्खा ऑगस्ट मी विस्कॉन्सिनमध्ये या बियाण्यांच्या पिशव्यांमध्ये काढला. (फ्रीलान्सर असण्याचा हा एकमेव फायदा. सुट्टी मागायला बॉस नसतो. पगारही नसतो, पण ते जाऊ दे.) त्या महिन्यात एक गोष्ट कळली. माणूस हरणांसाठी काय पेरतो यावरून तो हरणांबद्दल काय विचार करतो ते बरोब्बर कळतं. आमच्या घरात तर त्यावरून आणखीही बरंच काही कळलं.

जागल आणि आवतन

आधी थोडं फॅमिली बॅकग्राउंड. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, मॅडिसनला आयटीत आहे. त्याचे बाबा म्हणजे माझे काका, यवतमाळ जिल्ह्यात कापूस, तूर आणि हरभरा पिकवतात. गळ्यात माळ, पंढरीची वारी आणि रात्री शेतात जागल. तुमच्यापैकी ज्यांचं गाव विदर्भात आहे त्यांना जागल म्हणजे काय ते सांगायला नको. पीक वर आलं की रोही, रानडुक्कर, हरणं यांचे कळप उतरतात. एका रात्रीत अर्ध्या एकराची वाट लागते. म्हणून मचाणावर बसायचं, टॉर्च मारायचा, डबे वाजवायचे, फटाके फोडायचे. शाळेत असताना दादाही त्या मचाणावर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलाय.

हा दादा शिकला, अमेरिकेला गेला, तिथेच लग्न केलं. ‘शेती कोण बघणार?’ या प्रश्नावर दोघांचं एकदा वाजलं. त्यानंतर बापलेकांचे फोन म्हणजे नुसता हवामान अंदाज. ‘पाऊस आहे?’ ‘आहे.’ ‘थंडी आहे?’ ‘आहे.’ ‘बरं, ठेवतो.’

आणि आता सीन असा, की वहिनीच्या वडिलांची विस्कॉन्सिनच्या नैऋत्य भागात चाळीस एकर जमीन आहे. बरंचसं जंगल, मध्ये मध्ये मोकळे तुकडे. हिमयुगात आजूबाजूचा सगळा प्रदेश हिमनद्यांनी घासून सपाट केला, हा भाग मात्र सुटला. त्यामुळे इथे छान डोंगरउतार आणि दऱ्या आहेत. दादाच्या सासरेबुवांनी तीस वर्षं या मोकळ्या तुकड्यांत हरणांसाठी पेरलं. 2024च्या उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी जावयाला सांगितलं, ‘यंदा बियाणं तू निवड.’

आपल्याकडे तिजोरीची किल्ली देतात ना, तसंच हे. वहिनीचे तर डोळेच मोठे झाले.

दादाने ही बातमी बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितली. पलीकडे मिनिटभर शांतता. मग काका म्हणाले, ‘हरनाले पेरून खाऊ घालते? आमी अठी रातभर जागतो, अन् हा तिकडं वावर पेरून आवतन देते!’ फोन कट.

पुढे शिंगं, मागे लेबल

बियाण्याच्या दुकानात गेलात तर पहिल्यांदा तुम्हाला दिसतील शिंगं. प्रत्येक पिशवीवर एक बाहुबली टाइप नर, डोक्यावर झाडाएवढी शिंगं घेऊन तुमच्याकडे बघत असतो. नावंही तशीच, अ‍ॅक्शनपटांसारखी. हरणांसाठी खास ब्रँडेड बियाणं विकायचा धंदा 1980च्या दशकाच्या शेवटी जोरात आला आणि आता ते सगळं मार्केट झालंय.

सासरेबुवा कुबडी टेकवत आमच्याबरोबर आले होते. त्यांनी एक चकचकीत पिशवी उचलली, उलटी केली आणि शिवणीला लावलेला छोटासा कागद दाखवला. अमेरिकेत 1939च्या कायद्यानुसार बियाण्याच्या पिशवीवर आत काय आहे ते छापावंच लागतं. कुठलं बी किती टक्के, उगवण किती, तणाचं बी किती, टेस्ट कधी केली आणि ‘इनर्ट मॅटर’, म्हणजे जे उगवणारच नाही ते किती. क्लोव्हरच्या बियांवर बऱ्याचदा चुन्यासारखा थर चढवलेला असतो. त्याचे फायदे आहेत, पण काही पिशव्यांत वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त हा थरच असतो. म्हणजे तीन किलोचे पैसे मोजायचे आणि बी मिळणार दोन किलो!

हिशोब सोपा आहे. शुद्धता 98 टक्के आणि उगवण 85 टक्के असेल, तर 50 पौंडांच्या पिशवीत (पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम) खरं जिवंत बी सुमारे 42 पौंड. दोन पिशव्यांची तुलना करायची ती या आकड्यावर, शिंगांवर नाही.

त्या चकचकीत पिशवीत पहिल्या नंबरवर होतं अ‍ॅन्युअल रायग्रास. हे एक स्वस्त गवत. पटकन हिरवं होतं, गिऱ्हाईक खूश. पण हरणांना त्याचं फारसं कौतुक नाही आणि एकदा बी पडलं की तण होऊन वर्षानुवर्षं डोकं खातं. खरं हवं असतं ते ‘विंटर राय’, म्हणजे गव्हाच्या नात्यातलं धान्य. नावात एका शब्दाचा फरक, पण दोन्ही वेगळी. त्यात आपल्याला ‘राय’ म्हटलं की फोडणीतली राई आठवणार! मोहरीचे नातेवाईक, म्हणजे सलगम, मुळा, केल, रेप हे वेगळ्याच शेल्फवर होते.

पिशवी सासरेबुवांनी परत ठेवली आणि म्हणाले, ‘हरणाला वाचता येत नाही. हे चित्र तुझ्यासाठी आहे.’

सॉल्लिड!

आधी माती, मग मूड

दादा इंजिनीअर. त्याने एक्सेल शीट उघडली. सासरेबुवांनी त्याला आधी माती तपासायला लावली. रिपोर्ट आला. जंगलातल्या छोट्या तुकड्याचा पीएच 5.6, रस्त्याकडच्या एकराचा 6.4. क्लोव्हर आणि सलगमला सहाच्या वरची माती मानवते. चुना टाकून पीएच वाढवता येतो, पण परिणाम दिसायला काही महिने लागतात. त्यामुळे आंबट मातीत तूर्त राय आणि ओट्स, कारण ही दोन्ही कुरकुर न करणारी मुलं. चांगल्या मातीत बाकीची मंडळी.

दुसरा प्रश्न, हरणं आपल्या ताटाला कधी हवीत? इथेच सगळी गंमत आहे. प्रत्येक बियाण्याचा आपला एक सीझन असतो.

ओट्स उगवल्या उगवल्या हरणं त्यावर तुटून पडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरचे ते सुपरस्टार. पण कडाक्याची थंडी पडली की ओट्स खल्लास.

सलगम-मुळ्याचं उलटं. त्यांचा पाला बऱ्याचदा हरणं हुंगून सोडून देतात. पहिलं जोरदार दहिवर पडलं की पानातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते आणि मग त्याच पाल्यावर गर्दी! पुढे डिसेंबर-जानेवारीत बर्फ उकरून खालचे कंदही खातात. नवीन जागेत मात्र हरणांना हा पदार्थ ओळखायलाच कधीकधी एखादं वर्ष जातं. आपल्याकडे ब्रोकोली आली तेव्हा आपलं झालं होतं, तसंच.

विंटर राय म्हणजे टेस्ट मॅचचा खेळाडू. चव अशी तशी, पण उणे वीस अंशातही टिकते, बर्फाखाली हिरवी राहते आणि मार्चमध्ये सगळ्यात आधी वाढायला लागते. क्लोव्हर पहिल्या हिवाळ्यात नुसती जीव धरून असते. तिचा खरा भर पुढच्या वसंतात, तोही प्रथिनांनी भरलेला. मे-जूनमध्ये माद्यांना पाडसं होतात तेव्हा ती कामाला येते. आपल्याकडे जनावरांना घालतात ते बरसीम हीसुद्धा एक क्लोव्हरच.

मग सगळंच एकत्र मिसळून फेकलं तर? तिथेच मिक्सचा लोचा होतो. सलगमला तिकडे ऑगस्टच्या सुरुवातीला पेरावं लागतं, दहिवराच्या आधी साठेक दिवस मिळायला हवेत. राय ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात. सलगमचं बी पाव इंच खोल, राय आणि वाटाणा इंचभर. शिवाय सलगमचा पाला एवढा मोठा होतो की खालच्या क्लोव्हरला ऊनच मिळत नाही. म्हणून मिक्समध्ये प्रत्येकाचा दर कमी करायचा. एकट्याने पेरायचं तर सलगम एकरी चार-पाच पौंड, मिसळून पेरायचं तर त्याच्या निम्मं. पूर्ण दराने सगळं टाकलं की कुणालाच जागा नाही. सकाळी 8.12ची लोकल आठवा.

दादाची शीट आता तीन टॅबची झाली होती. एका टॅबचं नाव ‘नोव्हेंबर’. त्यात फक्त सलगम आणि ओट्स. कमी खर्च, कमी कटकट. शिकारीच्या दिवसांत ताट भरलेलं, नंतर आपला काय संबंध? बरेच जण असंच करतात. दुसऱ्या टॅबमध्ये राय आणि क्लोव्हर, म्हणजे मार्च ते जूनचीही सोय. खर्च जास्त, आणि त्या महिन्यांत शिकार बंद.

सासरेबुवांनी दोन्ही टॅब पाहिले आणि काहीच बोलले नाहीत. निवड तुझी म्हणजे तुझी.

दादाने दुसरा निवडला. रस्त्याकडच्या एकरात अर्ध्यावर सलगम-मुळा, अर्ध्यावर राय, ओट्स आणि क्लोव्हर. जंगलातल्या तुकड्यात नुसते राय आणि ओट्स. मी कारण विचारलं, तर म्हणाला, ‘अगं, फक्त नोव्हेंबरपुरतं पेरलं तर मी त्यांना फसवतोय असं वाटेल.’ मी म्हटलं, ‘दादा, तसं तू त्यांना फसवतोच आहेस.’ तो हसला नाही.

गुळाचं पाणी

दादाने क्लोव्हर घेतली ती थर नसलेली, म्हणजे पैशांचं पूर्ण बी. पण अशा बियाला रायझोबियमचे जिवाणू आपणच लावावे लागतात. हे जिवाणू मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. बी कोरडं, पावडर कोरडी, चिकटेना.

मी कॅमेरा ऑन करून काकांना फोन लावला. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. काकांनी आधी तोंड फिरवलं. मग कोपऱ्यातून पिशवीकडे बघत विचारलं, ‘बीजप्रक्रिया केली का?’ दादा गप्प. ‘गुळाच्या पान्यात कालव. बियाले चोळ. सावलीत सुकव, अन् मंग पेर.’ काका हरभऱ्याला दरवर्षी हेच करतात. मॅडिसनच्या इंडियन स्टोअरमधून गूळ आला. सासरेबुवांनी एक खडा तोंडात टाकला आणि ‘बी खाणार नसेल तर मी खातो’ म्हणाले.

मग रोजच फोन सुरू झाले. ‘पीएच किती हाये?’ ‘वाफसा आला का?’ (वाफसा म्हणजे पेरणीला लागते तेवढीच ओल. याला इंग्लिशमध्ये एक शब्द शोधून दाखवा!) सलगमचं बी मोहरीएवढं बारीक, एकरभर सारखं फेकायचं कसं? ‘रेतीत मिसळून फेक. नाही तं एकीकडं ढीग अन् एकीकडं टक्कल.’ काका तीळ पेरताना करतात तसंच दादाने केलं. मोठं बी आधी, वरून हलकी पाळी, मग बारीक बी, मग रोलर. सासरेबुवांना मी काकांचं बोलणं भाषांतर करून सांगत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना गरज उरली नाही. दोघे हातवाऱ्यांनीच बोलायला लागले.

एका संध्याकाळी काकांना ओकच्या झाडावर बांधलेली शिकाऱ्याची बैठक दिसली. ‘हे मचान कायले?’ दादाने सांगितलं. काका बराच वेळ बघत राहिले. माळ चाचपली. ‘आमचं मचान हाकलाले, तुमचं वाट पाहाले,’ एवढंच म्हणाले.

तीन कोटी पाहुणे

आता तुम्ही म्हणाल, मारायचंच कशाला? मीही हेच म्हणत होते. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा, हे आपण शाळेतच शिकलो. तिकडची गोष्ट वेगळी आहे. 1900च्या आसपास बेसुमार शिकारीने अमेरिकेत ही हरणं अंदाजे पाच लाखांवर आली होती. मग शिकारीवर नियम आले, सीझन ठरले. 1937च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. आज हरणं अंदाजे तीन कोटी आहेत. लांडगे बहुतेक भागांतून गेलेले, हिवाळ्यात अन्न कमी, जंगलात नवीन रोपटं वाढू देत नाहीत. विस्कॉन्सिनमध्येच राहिलेल्या आल्डो लिओपोल्ड या निसर्गअभ्यासकाने 1940च्या दशकात माद्यांचीही संख्या कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा लोकांनी त्याला धारेवर धरलं होतं.

त्यात एक रोग आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे हरणाचा मेंदू पोखरला जातो, औषध नाही. विस्कॉन्सिनमध्ये तो 2002मध्ये सापडला आणि दादाच्या सासरचा भाग त्याच्या अगदी मध्यावर. प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं टिकतात. हरणं एकाच ढिगाला तोंड लावतील तर रोग पसरणार, म्हणून बाधित काउंटीत मक्याचा ढीग टाकायला 2024मध्ये बंदी होती. पेरलेलं उभं पीक मात्र चालत होतं. एकरभर पसरलेलं पीक आणि टोपलीभर ढीग यात फरक आहेच, पण तिथेही हरणं जमतातच. म्हणून तुकडा अगदी छोटा ठेवायचा नाही, हेही बियाणं निवडण्याइतकंच महत्त्वाचं. मारलेल्या हरणाची तपासणी करून घ्यायची, पॉझिटिव्ह असेल तर खायचं नाही.

हे सगळं ऐकून माझं मत बदललं का? अर्धं. मी पुण्यात दर रविवारी चिकन खाते. त्या कोंबडीला कुणी काय भरवलं ते मी आजवर कधी विचारलेलं नाही.

पिंजऱ्यातलं पीक

मी सप्टेंबरच्या सुरुवातीला परत आले. तिकडे सप्टेंबर कोरडाठाक गेला. सलगमचे कंद मुठीएवढे व्हायचे ते लिंबाएवढे राहिले. क्लोव्हर विरळ, ओट्स बरे. राय मात्र नावाला जागली. पेरलेल्या जागी दादाने तारेच्या जाळीचा एक गोल पिंजरा ठोकला होता, चार फूट रुंद. आतलं हरणांना खाता येत नाही. आत किती वाढलं आणि बाहेर किती उरलं हे बघितलं की कळतं हरणांनी किती खाल्लं. दर रविवारी तो फोटो फॅमिली ग्रुपवर यायचा.

23 नोव्हेंबरला बंदुकीचा सीझन उघडला. दादा भगवं जॅकेट घालून मचाणावर बसला. पहिल्या दिवशी दोन नर टप्प्यात आले. त्याने बंदूक उचलली नाही. दुसऱ्या सकाळी त्याने एक मादी मारली. फोटो पाठवला नाही, फक्त लिहिलं, ‘झालं.’ वहिनीने सांगितलं, की तो नंतर तासभर एकटाच शेतात बसला होता. तपासणीचा रिपोर्ट आला, निगेटिव्ह. सासरेबुवांनी स्वयंपाक केला. दादाने दोन घास खाल्ले.

काकांना कोण सांगणार? शेवटी त्यानेच सांगितलं. मी कॉलवर होते. काका डोळे मिटून बसले. मग विचारलं, ‘पिंजऱ्यात किती वाढलं?’

‘गुडघाभर, बाबा.’

‘अन् बाहेर?’

‘बाहेर काहीच नाही. सगळं खाल्लं.’

‘मंग पीक चांगलं आलं म्हनाचं.’

आयुष्यभर खाल्लेल्या पिकाचा पंचनामा मागणारा माणूस हे बोलत होता. दादाला पुढे बोलता येईना. हवामानावर विषय गेला.

2025च्या मार्चमध्ये दादाने विरळ झालेल्या जागी क्लोव्हर पुन्हा टाकली. जमीन गोठलेली असताना बी नुसतं वरून फेकतात. दिवसा वितळतं, रात्री गोठतं, भेगा पडतात आणि बी आपोआप आत जातं. काकांचा विश्वासच बसेना. ‘बर्फावर पेरते?’ पण यावेळी फोन कट झाला नाही. शिकार सुरू व्हायला आठ महिने होते. ते बी कुणालाही बंदुकीच्या टप्प्यात आणणार नव्हतं. जूनमध्ये पाडसं होतील, माद्यांना दूध लागेल, म्हणून ते टाकलं होतं.

काकांनी फक्त एवढंच विचारलं, ‘एकरी किती टाकलं?’